पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड द्यावा का?

प्रश्न: म्हापशात आमचं चिऱ्यांचं जुनं घर आहे. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. वायफायचा पासवर्ड कार्डावर लिहून खोलीत ठेवलाय. शेजारी सहा मजली इमारत झाल्यापासून रात्री नेट रखडतं. कुणी चोरून वापरत असेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, रात्री नेट रखडतं ते बहुधा गर्दीमुळे. वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांचे मुख्य दोन पट्टे, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 गिगाहर्ट्झवर आपल्याकडे 13 चॅनेल, म्हणजे वाटा, आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच धरतात: 1, 6 आणि 11. पर्वरीला माझ्या गॅलरीतून मोजली तेव्हा 27 नेटवर्कं दिसली, बरीचशी याच तिघांवर. तुमच्या शेजारी तर फ्लॅटागणिक राउटर आला. 5 गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे, फक्त चिऱ्याची जाड भिंत ती लहर पुढे जाऊ देत नाही. म्हणून मागच्या खोल्यांपर्यंत केबल ओढा आणि तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, बसवा.

मला काळजी वाटते ती त्या कार्डाची. वर्षभरात आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमच्या घरचा पासवर्ड आहे, आणि त्याच नेटवर्कवर तुमचा कॅमेरा, मुलाचा लॅपटॉप. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी पोचले ते त्या घरी. हे घाबरवायला सांगत नाही, पण भाड्याने खोली देणाऱ्याने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. पाहुण्यांना तेवढंच द्या, आणि त्यांना घरातली उपकरणं दिसणार नाहीत असा पर्याय चालू ठेवा. पाहुणे गेले की चादरी बदलता, तेव्हाच त्याचा पासवर्डही बदला. घरच्या नेटवर्कचा पासवर्ड आजच बदला, सेटिंगमध्ये सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए3 ठेवा, ती नसेल तर डब्ल्यूपीए2. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत, तिचं कुलूप 2001 मध्येच फुटलंय, ते नकोच.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय, आठवणीने बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे दहा कोटींऐवजी फार तर 11,000 प्रयत्न. ही खोट 2011 मध्ये उघड झाली, तरी जुने राउटर अजून घराघरांत चालू आहेत. तुमचा राउटर उलटा करून स्टिकर बघा. तिथे पिन छापलेला असेल, तर डब्ल्यूपीएस बंद आहे ना, हे सेटिंग उघडून पाहिल्याशिवाय राहू नका.