आठवीत एक्स आला आणि गणित गेलं

"मॅडम, सातवीपर्यंत गणित छान होतं हो हिचं, आता काय झालं कळतच नाही." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत हे इतक्यांदा ऐकते की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. एका मुलीची केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घोडबंदर रोडला राहणारी, आठवीतली. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री पोटात दुखायचं, डॉक्टर झाले, रिपोर्ट नॉर्मल. बाबा ऐरोलीहून दमूनभागून घरी यायचे आणि जेवता जेवता शिकवायचे, "अगं समोर ने, चिन्ह बदल, झालं! इतकं सोप्पं आहे." आपण 'सोप्पं आहे' म्हणतो धीर द्यायला, पण मूल ऐकतं की सोप्पं असूनही मला येत नाही, म्हणजे मी ढ. माझं म्हणणं कायम हेच असतं की माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचा विचार जास्त छळतो, तर काम त्या विचारावर करायचं, पोटदुखीच्या मागे किती लागणार.

सुरुवातीला आम्ही गणिताला हातच लावला नाही. मग एकदा वही काढायला लावली. ४एक्स + ६ = ३०. तिने ६ समोर नेला, ४एक्स = २४. बरोबर. पुढे लिहिलं, एक्स = २४ − ४ = २०. आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"बरोबर आहे?"

"तुला काय वाटतं?"

"मला कसं कळणार? ते सर सांगतात ना."

इथे मला सगळी केस दिसली. भीती एक्सची नव्हतीच, बरोबर-चूक दुसऱ्यानेच ठरवायचं असतं ही सवय होती, आणि नियम तर तिने अगदी इमानदारीत पाळला होता, चार समोर गेला, चिन्ह बदललं!

"एक्सच्या जागी २० टाकून बघ."

"वीस चोक ऐंशी, अधिक सहा... शहाऐंशी."

"पाहिजेत किती?"

"तीस." मग बराच वेळ काही नाही, पेन्सिल चावणं चालू. मी गप्प बसले, आमच्या कामात हे सगळ्यात अवघड असतं. आणि एकदम, "अहो मॅडम, चार तर गुणलेला आहे! वजा कशाला, भागायचं ना!" एक्स = ६. मी काही सांगायच्या आत तिने सहा चोक चोवीस, अधिक सहा तीस करून बघितलं, कंपासमधून लाल पेन काढलं आणि स्वतःच टिक मारली. इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी घरी जाताना मी जरा ताठ चालत होते हे कबूल.

नंतर बाबांनाही बोलावलं आणि समजावलं. खरं तर समोर काहीच जात नाही. दोन्ही बाजूंतून ६ काढले म्हणून डावीकडचा गेला आणि ३० चे २४ झाले, मग दोन्ही बाजू ४ ने भागल्या, बस. पण पहिलीपासून मुलांनी = हे चिन्ह 'आता उत्तर लिहा' अशाच अर्थाने बघितलेलं असतं. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने ते पुस्तकात वापरलं तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्याच्या मते याहून एकमेकांसारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. बाबा म्हणाले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

तर पालकांनो, उत्तर तपासून देऊ नका, "टाकून बघितलंस का?" एवढंच विचारा. "मला पण गणित कधी जमलं नाही" हे घरात बोलायचं बंद करा, मुलं ते वारसाहक्काने घेतात. वेग नंतर येतो, आधी प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहू दे, वही भरली तर भरली. आणि लहानपणापासूनच घड्याळ, सुट्टे पैसे, साधी वजाबाकी यातही अडत असेल तर तो वेगळा विषय आहे, तिथे रागावून किंवा क्लास बदलून काही होणार नाही, अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या, बोर्डाच्या परीक्षेत त्यासाठी सवलतीही मिळतात.