तीन वर्षांनंतरचे पापनिवेदन

ख्रिस्तात प्रिय मित्रा,

नोकरी सोडून दुसरीकडे जावे की नाही, यात देवाची इच्छा कशी ओळखायची, असे तू विचारलेस. आणि पत्राच्या अगदी शेवटी, तीन वर्षांत पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, केले नाही, हेही लिहिलेस. सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करू. कानांत दडे बसले असतील तर हाक ऐकू यायची कशी?

अर्धा तास काढ. कागद आणि पेन घे, मोबाइल दूर ठेव. पवित्र आत्म्याकडे प्रकाश माग आणि दहा आज्ञा एकेक करून स्वतःसमोर धर. चौथ्या आज्ञेपाशी आईवडिलांशी कसे बोललास ते आठव. सातवीपाशी ऑफिसात लावलेली खोटी बिले आणि परत न केलेली उसनवारी आठव. जे सापडेल ते दोन-तीन शब्दांत लिही. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक असणे आणि मनापासून दिलेली संमती. अशी पापे प्रकार आणि संख्या दोन्ही सांगून कबूल करायची असतात. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘वर्षभर, महिन्यातून साधारण दोनदा’ एवढे पुरते. क्षम्य, म्हणजे हलकी, पापे सांगण्याची सक्ती नाही, पण सांगावीत. मुळे तिथेच असतात.

बहुतेकांचे चुकते ते इथे. एक जण ‘मी रागावतो, खोटे बोलतो’ असे मोघम बोलतो. असे पाप कोणाचेही असू शकते, म्हणून ते कोणाचेच राहत नाही. दुसरा सगळी हकिगत सांगत बसतो आणि त्यात भावाची, साहेबांची, शेजाऱ्याची पापे कबूल करून येतो. ‘धाकट्या भावाला चारचौघांत अपमानकारक बोललो, तीन वेळा’ हे एक वाक्य पुरेसे आहे. तो आधी काय म्हणाला होता, ते राहू दे.

शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, जाणार असशील तर लवकर जा. नाताळ आणि ईस्टरच्या आधीच्या रांगेत मात्र तीन वर्षांचे ओझे घेऊन उभा राहू नकोस. फादरांना फोन करून आठवड्यातली एखादी निवांत वेळ माग. ओळखीच्या फादरांसमोर जीभ रेटत नसेल तर दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, जा, किंवा चेहरा न दाखवता जाळीआडून बोल. दोन्हींची तुला मुभा आहे. ऐकलेले फादर कोणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. जाणूनबुजून ही गुप्ततेची मोहर मोडणारा धर्मगुरू ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो.

क्रुसाची खूण कर आणि पहिल्याच वाक्यात तीन वर्षे झाली म्हणून सांग. पुढे कसे विचारायचे, हे मग फादरांना कळते. सर्वांत जड पाप आधी सांग, शेवटी ठेवलेस तर ते घशातच राहील. पश्चात्तापाची प्रार्थना आठवत नाही म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षे जात नाहीत, याचे फार वाईट वाटते. फादरांना विचार, ते एकेक ओळ सांगतील. चुकून विसरलेल्या पापाचीही क्षमा होते, गंभीर असेल तर ते पुढच्या वेळी सांगायचे. मुद्दाम लपवलेस तर मात्र संस्कारच निष्फळ होतो. प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना मिळाल्या तर त्याच बाकावर बसून म्हण, घरी जाईपर्यंत विसरशील. चोरलेले पैसे पापमुक्तीनंतरही परत करावेच लागतात, नाव न सांगता केले तरी चालतात. कागद फाडून टाक.

आणि क्षमा झालेली पापे पुन्हा उकरू नकोस. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस स्पेनमधल्या मॅनरेसा इथे, 1522 मध्ये, तीच जुनी पापे पुन्हा पुन्हा निवेदन करत राहिले आणि निराशेच्या कडेला पोहोचले. मागचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असे ठरवले तेव्हाच ते सुटले.

त्यानंतर रोज रात्री पंधरा मिनिटे त्यांचीच पद्धत धर. अंथरुणात नको, झोप लागते. खुर्चीत बस. देवाचे आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमा, उद्यासाठी एकच ठराव, आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. लोक आभार गाळतात आणि थेट चुकांवर येतात. मग प्रार्थनेची नुसती हजेरीवही होते आणि महिन्याभरात कंटाळा येतो. ठरावही हाताला लागणारा हवा. ‘प्रेमाने वागेन’ असा ठराव मोडला तरी कळत नाही. ‘दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात’ हा मोडला की लगेच कळतो.

आता नोकरी. पाप करावे की नाही, हा निवडीचा प्रश्नच नसतो. निवड दोन चांगल्या गोष्टींत असते. 1521 मध्ये पाम्प्लोनाला तोफगोळ्याने पाय मोडल्यावर इग्नेशियस लोयोला इथे, आपल्या घरी, अंथरुणावर होते. सरदारी पराक्रमांची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की समाधान नंतरही टिके. तू हा ‘नंतर’ पाहा. रात्रीच्या पंधरा मिनिटांनंतर दोन्ही वाटांविषयी एकेक ओळ लिही आणि महिनाभर लिहीत राहा. अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर काय सांगितले असतेस, तेही लिही. बायबल डोळे मिटून उघडायचे आणि बोट पडेल ती ओळ देवाचे उत्तर मानायची, हे करू नकोस. ती चिठ्ठी टाकणे झाले. मन कोरडे, उदास असेल त्या दिवसांत आधी केलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसांचा नियम तर घट्ट धर. राजीनामे बहुधा अशाच रात्री लिहिले जातात.

वाट सरळ नसली म्हणून घाबरू नकोस. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर (इग्नेशियसांच्या संघातल्या धर्मगुरूंबरोबर) धर्मशिक्षक होते, मग व्यापारी झाले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू झाले. 1593 मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर गेले. आधी शिकलेली जपानी भाषाच त्यांच्या कामी आली.

फादरांना फोन आजच कर. वेळ मागताना ‘तीन वर्षांनी येतोय, थोडा वेळ लागेल’ एवढेच सांग.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
तुझा मार्गदर्शक