दहा दिवसांची चाचणी आणि पन्नासाव्या दिवशी अडकणारे यंत्र

प्रश्न : पाण्याची पातळी पाहून पंप आपोआप चालू-बंद करणारे घरगुती यंत्र आमची छोटी कंपनी विकते. त्यातले सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतले. करारात दहा दिवसांची चाचणी आणि नंतर नव्वद दिवस मोफत दुरुस्ती असे ठरले होते. चाचणी पार पडली, मी स्वीकृतिपत्रावर सही केली. आता ग्राहकांकडची यंत्रे सुमारे पन्नास दिवसांनी अडकतात. पाणी संपले तरी पंप चालूच राहतो. तिघांच्या मोटरी जळाल्या, ते भरपाई मागताहेत. व्हेंडर म्हणतो, सही झाली, नव्वद दिवसही उलटले, दुरुस्तीचे वेगळे बिल लागेल. शेवटचा हप्ता मी दिलेला नाही. तो बुडवला तर चालेल?

उत्तर : हप्ता बुडवू नका. का ते पुढे सांगतो. आधी ते ‘पन्नास दिवस’ पाहू, कारण तुमची खरी बाजू तिथेच आहे.

संगणकाच्या 32 बिटांच्या (म्हणजे शून्य-एकाची 32 घरे असलेल्या) आकड्यात मिलिसेकंद मोजत गेले, की 49 दिवस 17 तासांनी आकडा भरतो आणि मोजणी शून्यावर येते. ही जुनी, माहितीतली चूक आहे. विंडोज 95 सुद्धा याच कारणाने अडकत असे. तुमच्या यंत्रात तेच झाले आहे का, हे इंजिनिअरने सांगायचे. पण तसे असेल, तर दहा दिवसांच्या चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते. ज्यांच्याकडे मधूनमधून वीज जाते, त्यांचे यंत्र दर वेळी नव्याने मोजायला लागते; म्हणून सगळ्यांच्या तक्रारी आल्या नाहीत. स्वीकृतिपत्रावरची सही म्हणजे जे तपासता आले त्याला दिलेली मान्यता. पोटात लपलेल्या दोषाची जबाबदारी त्या सहीने आपोआप संपत नाही.

नव्वद दिवसांचे कलम मात्र नीट वाचायला हवे. तुमच्या करारात या काळात दुरुस्ती ‘मोफत’ एवढेच लिहिले आहे. त्यानंतर व्हेंडरची सगळी जबाबदारी संपेल, असे कुठेही नाही. तसे असते, तर मी हे उत्तर बरेच जपून लिहिले असते. शिवाय तुम्ही जोडलेल्या ईमेलमध्ये एक हिरा आहे. स्वीकृतीनंतर 61व्या दिवशी तुम्ही कळवले होते, ‘एक यंत्र अडकले.’ उत्तर आले, ‘वीज बंद करून चालू करा.’ म्हणजे तक्रार मुदतीत पोहोचली होती, त्यांनी तपास न करता ती वाटेला लावली. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 खाली भरपाई मागताना हा ईमेल पहिल्या पानावर लावा. करारभंग कशाचा, याचे उत्तरही कराराच्या परिशिष्टात आहे : ‘पंपाचे अखंड स्वयंचलित नियंत्रण’. ‘अखंड’ हा शब्द कोणी घातला कोण जाणे, पण त्याचे आभार माना.

आता हप्ता. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू शकते. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही तर सही दिली आहे. आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची ज्यात बदल करता येतो ती मूळ संहिता, अजून त्यांच्याकडेच आहे! करारात कॉपीराइट तुमच्याकडे सोपवल्याचे वाक्यही मला सापडले नाही. पैसे दिले म्हणून कोड आपला होत नाही, त्यासाठी लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. म्हणून ‘सर्व हक्क राखून’ हप्ता द्या, पण त्याच दिवशी सोर्स कोड आणि हस्तांतरणपत्र हातात घ्या. दावा मोठा आहे, हप्ता लहान.

ग्राहकांपुढे ‘सॉफ्टवेअर आमचे नव्हे’ हा बचाव चालणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे नाव लावणाराही उत्पादकच धरला जातो. यंत्राखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान या कायद्याखाली मागता येते, आणि मोटर ही इतर मालमत्ताच. तिघांशी तडजोड करा, पावत्या जपा, त्या रकमा व्हेंडरकडून मागा. बाकीच्या सगळ्या ग्राहकांना आजच कळवा : दुरुस्ती येईपर्यंत महिन्यातून एकदा यंत्र बंद करून चालू करा. दोष माहीत असून गप्प राहिलात, तर पुढच्या जळालेल्या मोटरीचे खापर व्हेंडरवर फोडणे कठीण होईल. टाळता येण्याजोगे नुकसान न्यायालय भरून देत नाही.

दुसऱ्या डेव्हलपरकडे धाव घेण्याआधी अडकलेली दोन यंत्रे जशीच्या तशी सीलबंद ठेवा. त्रयस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. ईमेल पुरावा म्हणून दाखल करण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागेल. मग वकिलामार्फत नोटीस. करारात लवादाचे कलम नाही, त्यामुळे वाणिज्यिक दावा होईल. तातडीचा मनाई आदेश नको असेल, तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. करारभंगापासून तीन वर्षांची मुदत असते.

पुढच्या करारात ‘दहा दिवस चाचणी’ लिहू नका. यंत्राचे आतले घड्याळ आकडा भरण्याच्या पाच मिनिटे आधी नेऊन ठेवायचे आणि पंप बंद होतो का पाहायचे, असे लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे.