पन्नाशीच्या आसपास कुणाला अचानक शिकवायची ओढ लागली आहे का? या वयात जमतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४८ आहे, वीस वर्षं कारखान्यात काढलीत, आता शिकवावंसं वाटतंय, पण बी.एड. नाही आणि आपल्याला शिकवता येईल की नाही याची धास्ती आहे. माझ्या बाबतीत हेच घडलं, फक्त मला आधी ओढबिढ काही नव्हती. ती शिकवता शिकवता लागली.

मी भोसरी एमआयडीसीत २७ वर्षं टर्नर होतो, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारा कारागीर. शिक्षण दहावी आणि आयटीआय. वर्कशॉप बंद झालं तेव्हा पन्नाशी गाठली होती. ओळखीतून एका खासगी आयटीआयमधून निरोप आला: टर्नरचे निदेशक (शिकवणारे) सोडून गेलेत, दोन महिने तासिका तत्त्वावर याल का? घरात बसवत नव्हतं, म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चकमध्ये (तो पकडून फिरवणाऱ्या भागात) धरला, सरळ फिरतोय ना ते बघून ट्रू केला, तोंड सपाट कातून फेसिंग केलं, बाहेरून कातून टर्निंग केलं आणि विचारलं, "कळलं?" वीसच्या वीस मुलं म्हणाली, "हो सर." मग एकेकाला मशीनवर उभं केलं, तर कुणाचं टूल सेंटरच्या खाली, कुणी चकची किल्ली चकमध्येच ठेवून स्विचकडे हात नेलेला. ती किल्ली पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकला. मशीन सुरू झालं असतं तर ती उडून कुणाच्या तरी तोंडावर बसली असती. किल्लीवरून हात निघायच्या आधी ती चकमधून बाहेर आलीच पाहिजे, हे माझ्या हाताला इतकं माहीत होतं की ते तोंडाने सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरहून बारीक मापं घ्यायचं सरकत्या पट्टीचं साधन, शिकवत होतो. मेन स्केल वाचा, कुठली रेघ जुळते ते बघा, तिला ०.०२ ने गुणा, मिळवा. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, हे ०.०२ कुठून आलं?" मी २७ वर्षं रोज व्हर्नियर हाताळलं होतं आणि मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो" म्हणालो. त्या रात्री जुनं पुस्तक काढलं. मेन स्केलवरचे ४९ मिलिमीटर घेऊन सरकत्या पट्टीवर त्याचे ५० भाग पाडलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ चा. एक वजा ०.९८, उरले ०.०२. मला समजलं, पण एवढ्या बारीक रेघांवर ते मुलांना दिसणार कसं?

मग पुठ्ठ्यावर एकेक सेंटिमीटरच्या रेघा मारल्या, मध्ये काही नाही. कागदाची ९ सेंटिमीटरची पट्टी कापली आणि तिचे १० सारखे भाग केले. दुसऱ्या दिवशी एकाचं खोडरबर घेऊन पुठ्ठ्यावर शून्याला लावून ठेवलं. ते ३ च्या पुढे गेलं होतं, पण ४ पर्यंत पोचत नव्हतं. त्याच्या टोकाला पट्टीचं शून्य टेकवलं. पट्टीची चौथी रेघ पुठ्ठ्यावरच्या ७ ला बरोबर जुळली. म्हणजे ३.४. साध्या फूटपट्टीने मोजलं, ३.४ च! तो मागच्या बाकावरचा मुलगा काही बोलला नाही. पट्टी ओढून घेतली, पेनाचं टोपण मोजलं, मग शेजारच्याला दाखवायला लागला, "इथं बघ, ही रेघ बघ." ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पुष्कळ अवघड जॉब काढलेत, पण असं कधी झालं नव्हतं. दोन महिने संपल्यावरही मी सोडून गेलो नाही, आजही तिथेच आहे.

आता तुमच्या धास्तीबद्दल. शाळेत शिकवायचं तर बी.एड., डी.एड. लागतं, पण आयटीआयचा रस्ता वेगळा आहे. तुमच्याकडे ट्रेडचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा आणि कामाचा अनुभव असेल, तर सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) हा निदेशकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. मी तो वयाच्या ५२व्या वर्षी केला, पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून. पाठाचे टप्पे कसे पाडायचे, तयारी, मांडणी, सराव, चाचणी, हे तिथे शिकलो आणि पहिल्या दिवशी माझं काय चुकलं होतं ते तेव्हा नीट कळलं. सरकारी भरतीत वयाची अट असते, त्यामुळे आपल्या वयात खासगी संस्था किंवा तासिका तत्त्व हाच खरा पर्याय. पगार कमी असतो, घरच्यांशी आधी बोलून घ्या.

शिकवता येईल का, हे घरी बसून कळणार नाही. तुमच्या कारखान्यात अप्रेंटिस येत असतील तर त्यांच्यापैकी एकाला महिनाभर हाताखाली घ्या. तो तीच चूक तिसऱ्यांदा करेल, तेव्हा तुम्हाला राग येतो की "याला दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगू" हा विचार येतो, ते बघा. मला राग यायचा. त्या खोडरबरानंतर विचार यायला लागला.

आणि एक काम आजच करा. अनुभवाचं पत्र नोकरीत असतानाच लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, ट्रेडचं नाव आणि तारखा घालून घेऊन ठेवा. माझं वर्कशॉप बंद पडलेलं, मालक गावी गेलेले. ते एक पत्र मिळवण्यात माझे चार महिने गेले.