ऑफर लेटर आलंय, पण रुजू होण्याआधी अनामत मागतायत. खरं असेल का?

पैसे भरू नका. मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

तरी लिहायला बसले, कारण तुमचं एक वाक्य डोक्यातून जाईना. पोर्टलवर रेझ्युमे टाकला, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, चॅटवरच मुलाखत झाली, दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर आलं आणि आता लॅपटॉपसाठी 'परत मिळणारी' अनामत मागतायत. इथपर्यंत नेहमीचंच. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "लेटर इतकं व्यवस्थित आहे की खोटं वाटत नाही." माझ्या सहीचं असंच एक व्यवस्थित लेटर मी पाहिलंय. ते मी दिलेलं नव्हतं.

मी भरतीच्या कामात आहे. आधीच्या कंपनीत असताना एकदा सकाळी रिसेप्शनवरून फोन आला, "मॅडम, तुमचं लेटर घेऊन एक जण जॉइन व्हायला आलाय." त्या दिवशी कोणाचंच जॉइनिंग नव्हतं. खाली गेले तर एक मुलगा सोफ्याच्या अगदी कडेला बसलेला, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात मूळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा. मी नाव सांगितल्यावर तो ताडकन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, परवाच आपलं फोनवर बोलणं झालं ना?" मग माझ्याकडे बघतच राहिला. "आवाज वेगळा होता," एवढंच पुटपुटला. त्याला तिथल्या तिथे कळलं. मला काही सांगावं लागलं नाही.

लेटर हातात घेऊन नीट पाहिलं. लोगो आमचा, पत्ता आमचा, पगाराची फोड अगदी रकान्यांत मांडलेली. हुद्दा मात्र माझा जुना. आणि सहीच्या शेपटीशी निळ्या शाईचा एक बारीक कमानीसारखा तुकडा होता. तो बघितल्यावर उलगडा झाला. एका इंटर्नला दिलेल्या प्रमाणपत्रावर माझ्या सहीवर शिक्का थोडा चढला होता, आणि त्या मुलीने ते कौतुकाने लिंक्डइनवर टाकलं होतं. तिथूनच सही कापून घेतलेली, शिक्का काही पूर्ण पुसता आला नव्हता. पण हे मला दिसलं, कारण सही माझी होती. उमेदवाराला ते कुठून दिसणार?

त्याने आधी लॅपटॉपची अनामत भरली होती. मग कागदपत्रं तपासण्याचे पैसे. मग विम्याचे. दर वेळी 'पहिल्या पगाराबरोबर परत'. आधीचे अडकलेत म्हणून पुढचे भरायचे, असं ते चालतं. हातातल्या नोकरीचा राजीनामाही देऊन बसला होता, कारण फोनवर 'मी' तसं सांगितलं होतं.

आता माझं दुखणं. आमचे तेव्हाचे साहेब हे सगळं ऐकून म्हणाले, "एवढा शिकलेला मुलगा, मेल कुठून आलाय ते बघता येत नाही? हाव सुटते लोकांना. आपला काय संबंध?" मी म्हटलं, निदान वेबसाइटवर एक सूचना टाकू, की आमच्या नावाने खोटी पत्रं फिरतायत आणि आम्ही उमेदवाराकडून कसलेही पैसे घेत नाही. त्यावर उत्तर, "आपल्या नावाने फसवणूक चालते हे आपणच जगाला सांगायचं?"

मग मी आमच्याच भरतीचे काही मेल छापून काढले. ज्या कन्सल्टन्सीकडून आम्ही माणसं घ्यायचो ती जीमेलवरून पत्रव्यवहार करायची. मुलाखतीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, 'उद्या सकाळी, अर्जंट'. पगाराचा उल्लेख नाही. कंपनीचं नावसुद्धा नाही, 'एका नामांकित कंपनीसाठी'. आणि मुलाखतीच्या आधीच ओळखपत्राची प्रत मागितलेली. हे सगळं खरं होतं, त्या वाटेने आलेली माणसं आमच्याकडे काम करत होती. ते कागद आणि त्या मुलाचं लेटर साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, यातलं खोटं कुठलं? खोटं लेटर जास्त नीटनेटकं होतं. त्यात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, आमच्यात ढीगभर. साहेब म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

घेते. आणि म्हणूनच 'भाषा बघा, चुका बघा, लोगो बघा' या सल्ल्याचा मला राग येतो. एके काळी तो उपयोगाचा होता. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक शोधनिबंध लिहिला होता, की ठग मुद्दाम न पटणाऱ्या गोष्टी रचून मेल पाठवतात, म्हणजे शहाणी माणसं आपोआप गळतात आणि पुढचे कष्ट फक्त भोळ्यांवर घेता येतात. आता सफाईदार मजकूर एआयकडून फुकट लिहून मिळतो, शेकडो लोकांशी एकाच वेळी चॅट करता येतं. गाळणीची गरजच फारशी उरली नाही. तेव्हा चूक सापडली तर सावध व्हा, पण सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

'हावरट लोकच फसतात' हेही तसलंच. २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या गेमच्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. एफबीआयने त्याचं खापर उत्तर कोरियाच्या लझारस या हॅकर गटावर फोडलं. आणि सुरुवात कुठून झाली, तर बातम्यांनुसार, कंपनीतल्या एका सीनिअर इंजिनिअरला लिंक्डइनवरून खोट्या नोकरीची ऑफर आली, मुलाखतीच्या फेऱ्या झाल्या, आणि शेवटी ऑफर लेटरची पीडीएफ आली. ती उघडली आणि स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, आत शिरलं. तो इंजिनिअर अडाणी होता का, साहेब? चांगली नोकरी हवी असणं म्हणजे हाव नव्हे. ठग गाठतात ते गरज असलेल्याला आणि घाईत असलेल्याला.

मग तपासायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी, बाकी सगळी सजावट. पैसे कुठल्या दिशेने जातायत, आणि संपर्क कोणी कोणाशी केला.

पैशाचं सरळ आहे. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. अनामत, ट्रेनिंग, गणवेश, सॉफ्टवेअर, पोलीस पडताळणी, नाव काहीही असो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार आहे, क्रमांक १८१, त्याच्या सातव्या कलमात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये असं म्हटलंय. त्याला अपवाद ठेवायला जागा आहे आणि सगळ्याच देशांनी तो स्वीकारलेला नाही, हे खरं. पण संकेत कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. पैसे तुमच्याकडे येत असले तरी सावध राहा: 'आमचे पेमेंट तुमच्या खात्यात येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा' ही नोकरी नसते, चोरीचा पैसा फिरवायला तुमचं खातं भाड्याने मागितलेलं असतं. खातं गोठतं तुमचं, पोलीस येतात तुमच्या दारात. चेक पाठवून 'यातून सामान घ्या, उरलेले परत करा' म्हणणारेही याच जातीचे. रक्कम खात्यात दिसली म्हणजे चेक वटला असं नसतं. तो नंतर परत जातो, आणि तोवर तुमचे खरे पैसे गेलेले असतात.

संपर्काचं मात्र लोक अर्धवट करतात. त्या मुलाने चौकशी केली होती! लेटरवरच्याच नंबरला फोन करून 'हे खरं आहे ना' असं विचारलं होतं. समोरून अर्थातच 'हो' आलं. त्यांनी दिलेला नंबर, त्यांनी पाठवलेली लिंक, त्यांनी जोडून दिलेले 'सीनिअर', यातलं काहीही पुरावा धरू नका. ब्राउझरमध्ये कंपनीचं नाव स्वतः टाइप करा, तिच्या साइटवर ती जागा आहे का बघा, तिथल्या बोर्ड लाइनला, म्हणजे ऑफिसच्या मुख्य नंबरला, फोन लावून एचआर मागा. मेलचा पत्ता शेवटून वाचा. कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग करिअर्स आणि मग डॉट कॉम असं असेल तर ते कंपनीचं डोमेन नव्हे, कोणीही विकत घेतलेलं नाव असू शकतं. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो, तेही बघा. हूइज या इंटरनेटवरच्या नोंदवहीत डोमेन कधी नोंदलंय ते फुकट कळतं. जुनी नावाजलेली कंपनी आणि डोमेन गेल्या महिन्यातलं, तर विषय मिटला.

टास्कवाल्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नात ते नाही पण पुढचा निरोप बहुधा त्यांचाच येईल. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे मिळवा. सुरुवातीला थोडे खरोखर मिळतात. मग 'पुढचा संच उघडायला' आपलेच पैसे भरायचे, स्क्रीनवर शिल्लक फुगत जाते, आणि काढायला गेलं की 'टॅक्स भरा'. ग्रुपवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक सगळे त्यांचेच असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२० मध्ये अशी तक्रार जवळपास नव्हतीच. २०२३ मध्ये सुमारे ५,००० झाल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीतच सुमारे २०,०००.

आणि परदेशात 'कस्टमर सपोर्ट', 'डेटा एन्ट्री', तिकीट-व्हिसा त्यांचा, मुलाखत जुजबी, पगार भरघोस, अशी ऑफर असेल तर पैसे मागितले नाहीत म्हणून हुरळून जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जबरदस्तीने राबवली जात असावीत. त्यांतले कितीतरी जण अशाच जाहिरातींना भुलून गेलेले. म्हणजे तुमच्याशी गोड बोलणारा माणूससुद्धा कदाचित पासपोर्ट हिसकावून घेतलेला कोणीतरी नोकरी शोधणाराच असेल. म्हणून त्याला शिव्या घालण्यात वेळ दवडू नका, संभाषणाचे आणि पैसे मागणाऱ्या खात्याचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ब्लॉक करा.

आता एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल मॅडमनी घाबरवून ठेवलं. जीमेलवरून मेल आला म्हणजे खोटाच, असं नाही. लहान कंपन्या तसंच करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा मीही करते. आणि पार्श्वभूमी तपासायला ओळखपत्र खऱ्या नोकरीतही मागतात, फक्त ते ऑफर पक्की झाल्यावर द्यायचं, आणि प्रतीवर कशासाठी व कोणाला देतोय ते लिहून. ओटीपी आणि स्क्रीन शेअरिंग मात्र कोणालाच नाही.

तुम्ही पैसे भरून बसला असाल तर आधी बँकेला फोन करा, पोलीस तक्रार लगेच त्यामागोमाग. पहिल्या काही तासांत व्यवहार अडवला जाण्याची शक्यता असते. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारा भेटला तर तो त्याच टोळीचा दुसरा खेळ समजा. आणि ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिच्या एचआरला ते लेटर जरूर पाठवा. उत्तर बहुधा येणार नाही, तरी पाठवा. आमच्याकडे अशा लेटरांची फाइल जाडजूड झाली आणि विधी विभागाने ती साहेबांपुढे टाकली, तेव्हा कुठे करिअर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी आल्या. विषयाच्या जागी 'तुमच्या नावाने खोटी भरती' असं ठळक लिहा. नुसतं 'चौकशी' लिहिलंत तर तो मेल रेझ्युमेंच्या ढिगात जातो आणि कोणी उघडत नाही.