रिकेटीचा रिक्षाशी काही संबंध नाही हो

प्रश्न असा आलाय की 'रिकेटी' (rickety, म्हणजे खिळखिळा) हा इंग्लिश शब्द रिक्षावरून आलाय का, रिक्षा खडखडते म्हणून, आणि 'आजोबांचे पाय रिकेटी झालेत' असं म्हटलं तर चालतं का.

पहिल्याचं उत्तर नाही, नाही आणि नाही. इंदूरात हे मी आता तिसऱ्यांदा ऐकतोय, एकदा तर चक्क एका इंग्लिशच्या क्लासवाल्या सरांकडून. रिक्षा मूळची जपानी, जिन-रिकि-शा, म्हणजे माणूस-ताकद-गाडी, आणि ती तिथे निघाली १८७० च्या आसपास. रिकेटी हा शब्द त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीपासून इंग्लिशमधे डुगडुगतोय. बापाच्या आधी लेकाचं बारसं होतं का भिया?

सगळा अर्थ सांगत बसत नाही, डिक्शनरी उघडा. फक्त एवढं लक्षात ठेवा की अडखळणारं इंटरनेट रिकेटी नसतं, आणि चहाचा कप धरताना हात रिकेटी होत नाहीत, ते शेकी. पायाखाली कागदाची घडी सरकवली की जे टेबल गप्प बसतं ते वॉबली. रिकेटी म्हणजे सांधेच गेलेले. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना तसा होता, चौथ्या पायरीवर पाय ठेवला की कुरकुर सातवीतून यायची आणि कठडा आपण धरलाय की कठड्याने आपल्याला, तेच कळायचं नाही.

आता खरी मजा. हा शब्द आलाय रिकेट्सवरून, म्हणजे आपला मुडदूस. लंडनच्या मृत्यूंच्या नोंदीत हे नाव १६३४ साली पहिल्यांदा दिसतं. पोरांची हाडं मऊ, पाय धनुष्यासारखे वाकलेले, चाल लटपटती. आधी ती पोरं, आणि आता खुर्च्या काय नि सरकारं काय, सगळंच रिकेटी.

बरेच विद्वान ठासून सांगतात की रिकेट्स हे ग्रीक 'रॅकायटिस'चं बिघडलेलं रूप. अहो तारखा तरी बघा! रॅकायटिस हे नाव फ्रान्सिस ग्लिसन या डॉक्टरने १६५० च्या पुस्तकात वापरलं, गावठी शब्दाला मिळतंजुळतं ग्रीक नाव हवं म्हणून मणक्याच्या ग्रीक शब्दावरून बेतलेलं. म्हणजे बिघडलं काहीच नाही, उलट गावठी शब्दाला सूट-बूट घातला. मोठ्या डिक्शनऱ्या मूळ अनिश्चित म्हणून हात झटकतात. मी मात्र जुन्या 'रिक' (wrick) या बोलीतल्या क्रियापदाच्या बाजूचा, अर्थ पिळणं, मुरगळणं, स्पेलिंगात सुरुवातीला मुका डब्ल्यू. तसाच मुका डब्ल्यू रिस्ट (मनगट), रिगल (वळवळणं), रेंच (पिरगाळणं) यांच्यातही आहे आणि सगळ्यांत काहीतरी वळतं किंवा पिळतं. हे घराणं लांबून आपल्या संस्कृतातल्या 'वृत्' (वळणं, फिरणं) या धातूला जाऊन मिळतं, ज्याच्यावरून वर्तुळ, आणि वर्ति, म्हणजे देवाजवळची वात. आजी मांडीवर कापूस घेऊन दोन बोटांत वात वळायची, ते वळणं आणि त्या लंडनच्या पोराचे वळलेले पाय एकाच गोतातले, असं मला तरी वाटतं, कोणाला पटो न पटो.

आणि गंमत बघा, मुडदुशी टेबल असं आपण कधीच म्हणत नाही. इंग्लिशने आजार उचलून फर्निचरला लावला, आपण उलटं केलं, खिळखिळं हा मुळात दाराचा, खाटेचा शब्द (माझ्या मते खिळ्यावरूनच, नुसता आवाजावरून म्हणणाऱ्यांनी एकदा खिळे ढिले झालेल्या बाजेवर झोपून बघावं) आणि तो आपण शरीराला लावला. बसने खंडव्याला जाऊन आलं की हाडं खिळखिळी होतात ना, तेच.

हां, आजोबा राहिलेच. त्यांच्या पायांना रिकेटी चालेल, शब्द मूळचा पायांचाच आहे. फक्त त्यांच्यासमोर म्हणू नका.