ब्रिटिश काळात पुण्यात वारलेल्या ख्रिस्ती पणजोबांची कबर आणि दफननोंद कशी शोधावी?

आधी कागद शोधा, कबर नंतर. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत आहेत. 'फिबिस' या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधायला मदत करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून फुकट शोधता येतं. आडनावाचं स्पेलिंग दोन-चार तऱ्हांनी टाकून बघा, कारकुनांनी वाट्टेल तसं लिहिलंय. दफननोंदीत वय, हुद्दा आणि बऱ्याचदा मृत्यूचं कारणही मिळतं. खरा ऐवज तोच.

कबर मिळेलच याची खात्री नाही. संगमरवरी पाट्या चोरीला जातात, शिशाची अक्षरं निखळतात. १९७६ साली स्थापन झालेली 'बॅक्सा' ही संस्था ब्रिटिश काळातल्या दफनभूमींची माहिती जमवते, तिथे विचारा. महायुद्धात गेले असतील तर खडकीची युद्ध-दफनभूमी. तिथली नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आहेत.

कबर सापडलीच तर ॲसिड, तारेचा ब्रश अजिबात नको. पुसट अक्षरांचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. शेजारच्या कबरींचेही काढा, नातलग बरेचदा जवळच असतात.